गाठ बाहेरच्या अंगाला

—त्येच तर म्हणतोय मी, पाव्हणं. दुखणं गुडघ्याचं, ऑपरेशन गुडघ्याचं, मग येणारा-जाणारा जो त्यो पोरीची चादर खालनं उचलून पाऊल कशाला चाचपतो? सकाळधरनं तिसऱ्यांदा झालं ह्ये. ती बारकी डॉक्टरीण हाय ना, करिश्मा म्हणून पाटी लावलीय बघा छातीवर, ती आली, पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठिवली आन् डोळे मिटून उभी राहिली — देवाला कौल लावल्यागत! मी म्हणलं, बाई, काय बघताय? म्हणती, आबा, नाडी बघते. पायात नाडी! म्हणलं, आमची नाडी मनगटात असती, तुम्ही पायात उतरवली का काय? हसली नुसती. हसायचं न्हाई व्हतं तिनं. बाजारात मेंढरू घ्यायला गेलो ना आपण, तर ज्या विकणाऱ्याला लई हसू फुटतं त्याच्या जनावराचे दात मी दोनदा बघतो. तसं वाटलं मला.

करा, पाय लांब करा, अवघडून बसू नगा. ही पिशवी सरकवतो. एवढा पट्ट्यापट्ट्यांचा साचा पायाला घालून माणूस सरळ बसणार तरी कसा? तुमचं बी गुडघ्याचंच ना? ह्याच डॉक्टरकडं? — ह्याच! बरं. सहा आठवडे झाले? बरं बरं. कारेगावचं म्हणालात, कंपनीतलं. मशिनीत घावला का पाय? — क्रिकेट! घ्या! अहो, क्रिकेट खेळायला कंपनी पगार देती व्हय? असू द्या, चेष्टा केली. सुरज नाव न्हाई का, मगाशी त्या खिडकीवर पुकारलं तवा ऐकलं मी. मी रखमाजी. वरवंडचा. चौफुल्यावरनं न्हावऱ्यामार्गे यावं लागतं आम्हाला शिरूरला, कारण ह्यो गुडघ्याचा डॉक्टर पुण्याहून इथं येतो, मंगळवारी आन् शुक्रवारी. आता बघा — ज्याचं पुण्यात चांगलं चालतं त्यो आठवड्यातनं दोनदा शिरूरला कशाला येईल? मी स्वतःलाच इचारलं. उत्तर न्हाई मिळालं. तुम्हाला मिळालं असंल तर सांगा.

आत हाय ती माझी नात, राजनंदिनी. अकरावीला हाय. कबड्डी खेळती — खेळती म्हंजी काय, पलीकडं शिरली की दोघी-तिघींना शिवूनच माघारी येती. आन् घरात बघाल तर तोंडातनं शब्द न्हाई निघत, कुणी आलं की ही दाराआड. शाळेच्या बाई म्हणायच्या, आबा, ही वर्गात हजेरीला बी हळूच हो म्हणती, मैदानात हिच्या अंगात काय येतं कळत न्हाई. मी म्हणायचो, आमच्या घरातलं समदं तिच्या पायात गेलंय, तोंडात काय उरलं न्हाई. तर दौंडला तालुक्याच्या सामन्याला एका पोरीनं हिचा घोटा धरला, ही मागं फिरली, अंग फिरलं, गुडघा न्हाई फिरला. टक! मला बाकड्यावर ऐकू आलं, पाव्हणं. अडीच महिने झाले, अजून कानात हाय. मग मशिनीत घालून फोटो काढला, डॉक्टर म्हणला आतलं लिगामेंट तुटलं. म्हंजी गुडघ्यातली दोरी. ती शिवून भागत न्हाई म्हणं, नवी बसवायची. नवी कुठली? तर तिच्याच मांडीमागची एक काढायची, आन् खालच्या हाडात एक भोक, वरच्या हाडात एक भोक पाडून त्यातनं ओवायची. ड्रिल मशिननं! आमच्या विश्वजीतनं घड्याळ टांगायला भिंतीला ड्रिल लावलं तर पलीकडच्या खोलीत देवाच्या फोटोमागनं टोक भाईर आलं. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणलं ह्ये असंच व्हणार का पोरीच्या गुडघ्यात?

न्हाई, हसा, हसा. पण ह्यो कागद वाचा आन् मग हसा. विश्वजीत, माझा पोरगा, हिचा बाप, त्यो खाली मेडिकलात गेलाय सलाईन आणायला. सही त्याची लागती. पण कागद मी धरून ठिवलाय, म्हणलं आधी वाचू तर दे. चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलंय. ह्ये बघा — 'शस्त्रक्रियेदरम्यान नस अथवा रक्तवाहिनीस इजा होण्याची शक्यता.' स्वतःच लिहून देतात! म्हंजी उद्या नस तुटली की ह्ये मोकळे, की बाबा, तुम्हाला सांगितलं व्हतं. कुठला सुतार असं सांगतो, की दार बसवतो पण चौकट फुटायची शक्यता हाय, सही करा? — तिथं खाली कशाला बघताय? ते काय न्हाई. ते आपलं पेशंटची माहिती, वय, वजन, आधीचं काय दुखणं, असलं. ते समद्यांच्याच कागदावर असतं. वरचं बघा तुम्ही, माझ्या अंगठ्याच्या वरचं.

तर ह्ये वाचलं आन् मी डॉक्टरला गाठलंच सकाळी. म्हणलं, नसेला इजा म्हंजी काय, उलगडून सांगा. त्यानं टेबलावरनं प्लास्टिकचा गुडघा घेतला. ठाण मांडून बसला माझ्यापुढं. म्हणला, आबा, गुडघ्याच्या मागं ह्यो खड्डा असतो, ह्यातनं पायाला रक्त नेणारी मोठी वाहिनी जाती आन् तिच्या संगतीनं मोठी नस. हाडापासनं लई जवळ. म्हणून आम्ही भोक पाडताना गुडघा वाकवून धरतो, असा काटकोनात, की वाहिनी हाडापासनं जरा मागं सरती. आत कॅमेरा असतो, ड्रिलवर माप असतं, टोक दिसतंय तवरच पुढं जायचं, मागच्या अंगाला पोचायच्या आधी थांबायचं. मी म्हणलं, आन् न्हाई थांबला तर? म्हणला, त्याच भीतीनं थांबतो, आबा. आता ह्ये काय उत्तर झालं? भीती वाटती म्हणणाऱ्या माणसाच्या हातात पोर द्यायची का? मला तर वाटतं त्याच्या हातनं कवा तरी झालंय. एखाद्याच्या हातनं झालेलं असलं ना, की त्यो असा बारीक-बारीक सांगतो.

तुम्हाला बी ह्येच सांगितलं? प्लास्टिकचा गुडघा घेऊन? म्हंजी पाठच केलंय त्यानं.

एक इचारू का, राग मानू नगा. तुम्हाला हॉस्पिटलवाल्यांनी तर न्हाई बसवलं इथं? न्हाई, म्हंजी बघा — मी कागद घेऊन बसलोय, सही व्हायचीय, आन् नेमकं माझ्याच बाकड्यावर असं माणूस येऊन बसतं की ज्याचं ह्याच डॉक्टरनं, ह्येच ऑपरेशन, झकास केलंय. दहा बाकडी हायत इथं. — बरं, बरं, चिडू नगा. शपथ नगा घेऊ. मग दाखवा की मला. पँट जरा वर घ्या. ह्ये का? एवढंच? मला वाटलं हातभर चिरलं असंल. आन् ह्यो तिरका का घेतलाय काप? हात चळला व्हता का त्याचा? — मुद्दाम? — बारकी नस जाती कातड्याखालनं, तिच्या वाटेनं तिरकं चिरलं की ती वाचायचा संभव जास्त... असं कोण म्हणलं, त्योच? त्योच म्हणणार. थांबा, बोट लावतो. कळतंय? इथं? — इथं? — ह्या कापाच्या भाईरच्या बाजूला? न्हाई ना! आता न्हाई ना कळत! घावला का न्हाई! तुटली का न्हाई नस!

काय म्हणता? आधीच सांगितलं व्हतं? तळहाताएवढं बधिर राहील, तिरका काप घेऊन बी राहतं कधी कधी, चालायला काय अडत न्हाई, हळूहळू कमी व्हईल... आन् एवढं ऐकून तुम्ही सही केली? आधी सांगून बधिर केलं म्हंजी ते बधिर न्हाई व्हय? पाव्हणं, तुम्ही साधे हाय. ह्यांच्यापुढं साधं राहून चालत न्हाई.

आन् त्यो मांडीचा पट्टा? तुम्हाला बांधलेला का त्यो? हवा भरून आवळायचा, म्हंजी खाली रक्त उतरत न्हाई आन् कॅमेऱ्यात दिसतं. करिश्मानं सांगितलं मला. म्हणती, आबा, आम्ही आवळला की घड्याळ लावतो, किती वेळ झाला ते मोठ्यानं सांगायला माणूस असतो, दोन तासांच्या पुढं जाऊच देत न्हाई, जास्त वेळ आवळलेलं नसेला सोसत न्हाई. मला हसू आलं. आवळायचं आन् घड्याळ बघत बसायचं! अहो, आवळायला हात लागतो, घड्याळ कशाला लागतं? माझ्या ह्या दोन हातांनी किती पाय आवळलेत, इचारा वरवंडात कुणाला बी.

न्हाई, डॉक्टर न्हाई मी. कसला डॉक्टर! आमची मेंढरं व्हती. माझ्या बापापत्तोर दिवाळी झाली की कोकणात उतरायचो आम्ही मेंढरं घेऊन, आन् पाऊसकाळाला माघारी. आता ऊस हाय, पाण्याची सोय हाय, दाराशी चार शेरडं उरलीत नुसती. पण मेंढरू खडकात अडकलं, पाय मोडला की बांधायला माझ्या बापाकडं आणायचे, बापामागं माझ्याकडं. यवतपासनं यायचे. टेम्पोत घालून मेंढरू आणायचे! त्याची रीत असती. बांबूच्या चार कांब्या तासायच्या, खाली लोकर अंथरायची, हळद आन् अंड्याचा बलक, वरनं लोकरीचा पिळलेला दोरा. दोरा ओला करून घ्यायचा — वाळला की स्वतःच आवळतो, तुम्हाला जोर लावायला नगो. आन् गाठ कायम भाईरच्या अंगाला. का, सांगा? मेंढरू बसताना पाय पोटाखाली घेतं. आतल्या अंगाला गाठ आली तर ती पोटाला रुतती, किडे पडतात. भाईरच्या अंगाला असली की बिनघोर. लहानपणी गाठ चुकली की बाप ओल्या दोऱ्यानंच हाणायचा. चाळीस वर्षांत माझ्या हातचं एक मेंढरू लंगडं न्हाई राहिलं, पाव्हणं. एक न्हाई.

माणसांचे? माणसांचे बी बांधलेत की. मनगटं बांधलीत, कोपर बांधलंय. विश्वजीतला आवडत न्हाई. म्हणतो, आबा, जनावरांपुरतं ठिवा, पोरीला तर बोट बी लावू नगा, मी आल्यावर थेट डॉक्टरकडं नेतो — त्यो तवा कंपनीच्या ट्रेनिंगला गुजरातला व्हता आठ दिवस. फोनवरनं सांगत व्हता. आता फोनवरनं सूज दिसती का? माझ्यापुढं पोर रडती, गुडघा कलिंगडाएवढा, आन् ह्यो ट्रेनिंग संपल्यावर येणार. म्हणून मी पाचच दिवस...

काय?

कोण म्हणलं बांधला म्हणून? मी म्हणलो? मी म्हणलो, मी पाच दिवस — शेकलं. मिठाच्या पिशवीनं शेकलं. चहा घेता का तुम्ही? त्यो कोपऱ्यातला बरा करतो. न्हाई? साखरेचं हाय का? न्हाई. मग घ्यायचा की. राहिलं.

तुमचा त्यो खालचा पट्टा ढिला झालाय बघा. मधला न्हाई, गुडघ्याच्या खालचा. आन् त्याच्यात कापूस कोंबलाय कुणी तरी, भाईर आलाय. काढून टाकू? — अहो हात का धरता, काढत न्हाई! — मुद्दाम ठिवलाय? कापूस मुद्दाम ठिवलाय? असं कसं, पट्टा आवळायसाठी असतो, त्याच्याखाली मऊ-मऊ कशाला? माझं ऐका, ह्ये समदं त्यांचं... काय? हाडाचा गोळा? कुठं? गुडघ्याच्या खाली, भाईरच्या अंगाला. थांबा, माझ्या पायावर बघतो. हां, लागला. हाय. एवढासा हाय, सुपारीएवढा. बरं, मग त्याचं काय?

त्याच्यावरनं नस जाती.

कातड्याच्या लगेच खाली? मध्ये मांस न्हाई, काय न्हाई? पट्टा रुतला तर... सावकाश सांगा, एकदम नगा सांगू. पट्टा तिथं रुतून बसला तर पावलाची वरची बाजू बधिर व्हती. आन् पाऊल वर उचलत न्हाई. अंगठा वर येत न्हाई. ह्ये कोण सांगतं? व्यायाम शिकवणारी बाई? तिनं पहिल्याच दिवशी बोट ठिवून दाखवलं, की इथं कधी आवळायचं न्हाई. बरं.

बरं.

तुम्ही असं माझ्याकडं का बघताय? मी काय म्हणलो? मी काय बी न्हाई म्हणलो.

भाईरच्याच अंगाला. बरोब्बर तिथंच, ह्या सुपारीवर. दोन गाठी मारल्या व्हत्या, एकीवर एक, कारण पोर झोपेत हलती. दोरा ओला करून. दुसऱ्या दिवशी म्हणली, आबा, पायाला मुंग्या येत्यात. मी म्हणलं, येऊ द्या, रक्त जागं व्हतंय. तिसऱ्या दिवशी म्हणली, आता मुंग्या न्हाईत. मला बरं वाटलं! पाव्हणं, मला बरं वाटलं, म्हणलं लागू पडलं. मेंढरू बोलत न्हाई ना. मेंढरू कधी म्हणत न्हाई मुंग्या येत्यात. मला काय माहीत मुंग्या थांबल्या म्हंजी काय. ही बोलली, तर मला ऐकता न्हाई आलं. पाचव्या दिवशी विश्वजीत निघाल्याचा फोन आला म्हणून सोडलं — व्हय, म्हणूनच सोडलं, न्हाई तर पंधरा दिवस ठिवणार व्हतो — तर पाऊल असं खाली लोंबत व्हतं, ओल्या फडक्यागत. चपलेतनं निसटायचं. मी बाजारातनं मागं पट्टा असलेली सँडल आणली तिला. विश्वजीत म्हणला, आबांनी नातीला सँडल आणली, कधी न्हाई ते! त्याला कौतुक वाटलं.

न्हाई, आता तसं न्हाई, आता बरंच सुधारलंय, पाऊल उचलती ती. आन् मी मनाशी धरून व्हतो की मैदानातच लागलं असंल नसेला, त्या टकमध्येच. असंल की! असू शकतं ना? तुमची ती व्यायामाची बाई काय म्हणती, असू शकतं ना? पण अंगठा अजून न्हाई उचलत. आन् अंगठ्याच्या न् शेजारच्या बोटाच्या मधी चिमटा काढला तरी कळत न्हाई तिला. म्हणून तर मी... ही माणसं सारखी पाऊल चाचपतात, डोळे मिट म्हणतात, कुठं टोचलं सांग म्हणतात. मी तिला सांगून ठिवलंय, समद्याला कळतंय म्हणायचं. पोरगी हुशार, पापण्यांच्या फटीतनं बघून चादर कुठं हलली त्यावरनं सांगती. अंगठा वर कर म्हणलं की अख्खं पाऊलच घाईनं वर घेती. काल करिश्मा दोन वेळा म्हणली, नुसता अंगठा गं. तर ही म्हणली, गुडघा दुखतो, नंतर करते. जी पोर कुणापुढं तोंड उघडत न्हाई ती माझ्यासाठी खोटं बोलती, पाव्हणं, ते बी घडाघडा. घरनं निघताना मला म्हणली, आबा, पप्पांना मी न्हाई सांगणार. मी तिला सांगितलं बी नव्हतं की सांगू नगो. तिची तीच म्हणली.

घ्या, वाचा आता. अंगठा काढतो. 'रुग्णाच्या पायात आधीपासून बधिरपणा अथवा अशक्तपणा.' पुढं न्हाईवर खूण. करिश्मानं पोरीला इचारून केलीय. मी शेजारी उभा व्हतो.

इचारा ना, इचारा. मला माहिती हाय तुम्ही काय इचारणार. त्या डॉक्टरला काय कळणार? ऑपरेशन झाल्यावर ह्ये पाऊल चाचपणार, अंगठा वर येणार न्हाई, आन् त्याला वाटणार आपल्याच हातनं गेलं. आपल्याच ड्रिलनं, आपल्याच पट्ट्यानं. त्यो बिचारा घड्याळ लावून... आन् खरं सांगू का, मी त्येच धरून बसलो व्हतो. मला कुणी म्हणलं न्हाई असं कर. पण सकाळधरनं ह्यो कागद वाचतोय, 'नसेस इजा होण्याची शक्यता', आन् मला आत कुठं तरी बरं वाटत व्हतं. की चला, ह्यांनी स्वतःच लिहून ठिवलंय. उद्या विश्वजीत इचारंल अंगठ्याला काय झालं, तर मी म्हणीन, इचार तुझ्या डॉक्टरला. म्हणून मी संशय घेत बसलोय त्याच्यावर. तुमच्यावर बी घेतला.

तुम्ही म्हणता आधी सांगितलं तर काय करतात? नसेची तपासणी. वायरी लावून. आन् मग ऑपरेशन पुढं ढकलतील? — ढकलतील बी. किंवा करतील, पण जपून, माहीत असून. आन् न्हाई सांगितलं तर? पट्टा आवळणार, गुडघा वाकवून तास-दीड तास ठिवणार, आन् आधीच चेंगरलेली नस... म्हंजी उरलीसुरली बी जाईल? म्हंजी जी सुधारतीय ती... तुम्हाला नक्की माहिती न्हाई. बरं. मला बी न्हाई. माहिती ज्याला हाय त्याला आम्ही 'न्हाई' लिहून दिलंय.

चढाईला जाताना तिचा तोच पाय पुढं असतो. पहिली अंगठ्यानं जमीन दाबती, मग उडी. एवढ्या वर्षांत मी त्येच बघत आलोय, बाकड्यावर बसून.

आली बघा. करिश्मा. कागद मागायला आली. — हां बाई, इथंच हाय मी, देतो, जरा दम घ्या. आन् त्यो जिन्यात विश्वजीत, बाटल्या घेऊन. चेहरा बघा त्याचा, रात्रभर झोपला न्हाई. — तुम्ही सांगता का हो त्याला? परक्यानं सांगितलं की माणूस कमी चिडतं. न्हाई? न्हाईच ते. बरोबर हाय. तुम्ही सांगितलं ना, तर मी तोंडावर म्हणीन की ह्यो माणूस खोटं बोलतोय, हॉस्पिटलवाल्यांनी बसवलाय. मला माझी ओळख हाय.

विश्वा, इकडं ये. बाटल्या ठिव खाली. पेन काढू नगो, पेन राहू दे. करिश्माबाई, तुम्ही बी जाऊ नगा, तुमच्यासाठी बी हाय ह्ये, आन् डॉक्टर मोकळे असतील तर त्यांना बी बोलवा — न्हाई, आधी तुम्हीच ऐका, मग त्यांना. बस विश्वा. न्हाई, ती बरी हाय, तिला काय झालं न्हाई, तू बस.

पाव्हणं, तुम्ही उठा आता. काठी घ्या. त्या तिकडच्या बाकड्यावर जाऊन बसा. तिथं न्हाई — त्याच्याबी पलीकडं. जावा.